विमान पडते तेव्हा नशिबाला नव्हे, व्यवस्थेला प्रश्न विचारा

२८ जानेवारी २०२६ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास बारामतीच्या धावपट्टीच्या तोंडाशी लिअरजेट ४५ जातीचे एक लहान विमान कोसळले. राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जण मृत्युमुखी पडले. आमचा भोर-वेल्हे भाग बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. त्यामुळे महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकपासून थेट तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर बसलेल्यांचे दोन तट पडले होते. एक म्हणत होता, हा घातपात आहे. दुसरा म्हणत होता, वेळ आली होती, नशिबापुढे कोणाचे चालते?

वाचकहो, हे दोन्ही तट वरवर एकमेकांच्या विरोधात दिसतात. पण दोघांचे काम एकच आहे. दोघेही विचार थांबवतात. पुरावा हाती नसताना घातपात म्हटले की एका अदृश्य खलनायकावर सारे ढकलून मोकळे होता येते. नशीब म्हटले की कोणालाच प्रश्न विचारावा लागत नाही. प्रत्येक कार्याला कारण असते, हे ज्यांनी स्वीकारले आहे त्यांना या दोन्ही पळवाटा चालणार नाहीत. बारामतीच्या अपघाताचे कारण सांगणे हे विमान अपघात तपास विभागाचे काम आहे, ते माझे नाही आणि टपरीवरच्या कोणाचेही नाही. मात्र लहान खासगी विमाने का पडतात, याची उत्तरे जगाला गेली अनेक दशके ठाऊक आहेत. ही कारणे मोजकी आहेत आणि त्यातली बहुतेक टाळता येण्यासारखी आहेत. म्हणूनच त्यांची चर्चा झाली पाहिजे.

लहान विमान म्हणजे काय?

आपण तिकीट काढून बसतो त्या मोठ्या विमानामागे फार मोठी यंत्रणा उभी असते. दोन वैमानिक असतात, हवामान पाहणारा वेगळा माणूस असतो, नियंत्रण मनोरा असतो, ढगातूनही धावपट्टीपर्यंत आणून सोडणारी उपकरणे असतात. लहान विमानाचे तसे नसते. धनिकाचे स्वतःचे विमान, भाड्याने मिळणारे चार्टर विमान आणि वैमानिक घडवणाऱ्या संस्थेचे दोन आसनी विमान, हे सारे या गटात येतात. ही विमाने अनेकदा बारामतीसारख्या धावपट्टीवर उतरतात, जिथे मोठ्या विमानतळासारखी सोय नसते. बारामतीत वैमानिकांना वारा आणि दृश्यमानता यांची माहिती देण्याचे काम तिथल्या प्रशिक्षण संस्थांची माणसे करीत होती, हे या अपघातानंतरच सर्वसामान्यांना कळले.

कारणे कोणती?

पहिले कारण म्हणजे हवामान. ज्या धावपट्टीवर उपकरणांची मदत नाही तिथे वैमानिकाला डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते आणि त्यासाठी साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानतेचा दंडक आहे. बारामतीत त्या सकाळी दृश्यमानता सुमारे तीन हजार मीटर असल्याचे वैमानिकांना कळवले होते, पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने विमान पुन्हा वर गेले आणि दुसऱ्या प्रयत्नात कोसळले, असा घटनाक्रम केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितला. यावरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

धुक्यात किंवा ढगात शिरलेल्या माणसाचा स्वतःचा तोल त्याला फसवतो. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते आणि तिला क्षितिज दिसत असलेल्या डोळ्यांची साथ लागते. ती साथ सुटली की विमान एका बाजूला कलंडत असतानाही वैमानिकाला ते सरळ चालल्यासारखे वाटते. उपकरणांवर भरवसा ठेवून उडण्याचा सराव नसेल तर अशा ढगात काही मिनिटांत विमान हाताबाहेर जाते. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले असता त्यांचे लहान विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळले, तेव्हाही हवामान खराब होते. त्यात आठ जण गेले.

आमच्या सह्याद्रीत ढग डोंगराच्या खांद्यावर येऊन बसतो. पावसाळ्यात राजगड-तोरण्याचे माथे दिवसदिवस दिसत नाहीत, हे इथल्या गुराख्यालाही माहीत असते. १९६२ च्या जुलैत अलिटालिया कंपनीचे मोठे प्रवासी विमान जुन्नरच्या डोंगरावर आदळून ९४ जण ठार झाले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळच्या धुक्यात बावधनच्या डोंगराळ भागात हेलिकॉप्टर पडून तिघांचा मृत्यू झाला. विमान मोठे असो की लहान, डोंगर कोणाला ओळखत नाही.

दुसरे कारण, विमानाचा 'स्टॉल' होणे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण पंधरा अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा विस्कटते आणि पंख विमानाला उचलून धरू शकत नाही. इंजिन धडधडत असतानाही विमान खाली येते. उपाय सोपा आहे. नाक खाली करायचे, वेग घ्यायचा आणि मग वर यायचे. पण त्यासाठी खाली मोकळी उंची लागते. उतरताना धावपट्टीकडे शेवटचे वळण घेतेवेळी ती उंचीच नसते. वळण चुकले म्हणून घाईने विमान आणखी वळवले, नाक आणखी उचलले की संपले. जगभरच्या लहान विमानांचे कितीतरी जीवघेणे अपघात याच वळणावर घडतात.

तिसरे कारण ऐकून वाचकांना नवल वाटेल. ते म्हणजे इंधन संपणे! रस्त्यावर मोटारसायकलचे पेट्रोल संपले तर आपण ती ढकलत नेतो. आकाशात ढकलणार कोण? काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत मोजपट्टी बुडवून इंधन मोजावे आणि टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून त्यात पाणी नाही ना हे पाहावे, असा धडा शिकाऊ वैमानिकाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. घाईत तो धडा विसरला जातो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या धाटणीच्या इंजिनात आणखी एक धोका असतो. दमट हवेत, बाहेर वीस अंश तापमान असतानाही, आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते.

चौथे कारण देखभालीचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत पडली. १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. माझा प्रश्न एवढाच की, दुसरे विमान पडेपर्यंत थांबावे का लागते? त्याआधी २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एकटीने विमान उडवणारी शिकाऊ युवती विमानासह कोसळली. ती बचावली, हे आपले समाधान.

पाचवे कारण म्हणजे फार खालून उडणे. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी येथील संस्थेचे शिकाऊ विमान वैनगंगेवरून खाली उडत असताना नदीवर ताणलेल्या तारेत अडकून कोसळले आणि दोघांचा बळी गेला. तार दोन-तीनशे फुटांवरूनही डोळ्यांना दिसत नाही. यात विदर्भातल्या उन्हाळ्याची भर घाला. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी अपुरी पडते. त्यात विमानात माणसे आणि सामान जास्त भरले तर मग विचारायलाच नको.

'नाही' म्हणण्याचा अधिकार

या सगळ्या कारणांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे आणि ते तांत्रिक नाही. धुके आहे हे वैमानिकाला दिसते. इंजिनाचा आवाज बदललाय हे मेकॅनिकला कळते. इंधन कमी आहे हे शिकाऊ मुलाला माहीत असते. तरीही विमान उडते. का? कारण 'नाही' म्हणण्याची किंमत त्याला परवडत नाही. साहेबांची सभा आहे. शेठजींची बैठक आहे. कंपनीचा करार जाईल. प्रशिक्षक नापास करील. नोकरी जाईल.

२८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपर पश्चिमेला किंग एअर जातीचे विमान भर वस्तीत कोसळले. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूहून उडाले होते. हवा पावसाळी होती. हवामान खराब असल्याने आज उड्डाण होणार नाही असे पत्नी म्हणाली होती, असे त्या विमानातील वैमानिक महिलेच्या पतीने सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले. उड्डाण मात्र झाले. विमानातले चौघे गेलेच, पण खालचा एक कष्टकरीही गेला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ ते पडले आणि दुपारच्या जेवणाची वेळ असल्याने बरेच मजूर तिथून हलले होते. दुपारची भाकरी खायला गेले म्हणून ते वाचले! मजुराच्या जिवाची हमी कशावर अवलंबून आहे, तर जेवणाच्या सुट्टीवर.

वरिष्ठासमोर बोलता न येणे जीव घेते, हे विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून शिकले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन महाकाय विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे की नाही, अशी शंका कनिष्ठ सहकाऱ्याने विचारली होती. नामांकित कप्तानाने ती उडवून लावली आणि विमान पुढे दामटले. त्यानंतर जगभरच्या वैमानिकांना एक नवीन विद्या शिकवली जाऊ लागली. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ते ऐकावे, ही ती विद्या. विमान उडवण्याइतकीच ती महत्त्वाची मानली जाते.

बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले तिच्यात वाढलेल्या समाजाला ही विद्या किती अवघड आहे, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. इथे वरच्याने बोलायचे आणि खालच्याने मान डोलवायची, हीच शिस्त समजली जाते. 'साहेब, आज नाही' हे तीन शब्दांचे धाडस दाखवणाऱ्याला आपण उद्धट म्हणतो. धावपट्टी मात्र हुद्दा पाहत नाही आणि धुके लाल दिव्याला वाट देत नाही. नकार देणारा वैमानिक हा साहेबाचा खरा हितचिंतक असतो. त्याचा नकार कायद्याने सुरक्षित केला पाहिजे आणि नकार दिला म्हणून ज्याने त्याला काढले त्याचा परवाना आधी तपासला पाहिजे.

अहवालात कोणाचे नाव?

अमेरिकेसारख्या देशात लहान विमानांच्या सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत वैमानिकाशी निगडित कारण आढळते, असे तिथले अभ्यासक सांगतात. हे खरे मानूनही एक वकील म्हणून मला पुढचा प्रश्न पडतो. चूक वैमानिकाची, पण त्या चुकीपर्यंत त्याला कोणी आणले? त्याला किती तास झोप मिळाली होती? त्याच्यावर किती दडपण होते? विमान सुस्थितीत असल्याच्या कागदावर सही कोणाची होती? मेलेला वैमानिक साक्षीला येत नाही. म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारणे मालकाच्या सोयीचे असते.

गटारात उतरून मरण पावलेल्या सफाई कामगाराच्या बाबतीत आपण हेच पाहत आलो आहोत. कंत्राटदार म्हणतो, त्याने मास्क लावला नाही. मास्क दिला होता का, हे कोणी विचारत नाही. तिथे २०१३ चा कायदा आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला तीस लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पण त्यासाठी चळवळीला वर्षानुवर्षे लढावे लागले. विमानाचा तपास ठरलेल्या नियमांनुसार होतो आणि त्याचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. हा हेतू योग्यच आहे. परंतु पुढचा अपघात टाळायचा तर अहवाल वेळेवर आणि सर्वांना समजेल अशा भाषेत यायला हवा. बारामतीच्या अपघाताचा अहवाल मराठीतही प्रसिद्ध झाला पाहिजे, ही मागणी आपण का करू नये?

दुसरा प्रश्न, विमान अंगावर पडून मरणाऱ्याचा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला मोठे प्रवासी विमान पडले तेव्हा जमिनीवरची १९ माणसे गेली. तिकीट काढलेल्या प्रवाशासाठी १९७२ चा हवाई वहन कायदा आहे आणि त्यात भरपाईची चौकट आहे. रस्त्यावर ट्रकने उडवले तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. आमच्या वरवे बुद्रुकच्या माणसाला त्या न्यायाधिकरणाची पायरी चांगलीच ठाऊक आहे. महामार्गालगत राहणाऱ्या गावांना ती ठाऊक व्हावीच लागते. मात्र शेतात खुरपत असलेल्या बाईवर विमान पडले तर तिच्या लेकरांसाठी असे सोपे दार नाही. त्यांना दिवाणी दावा लावावा लागेल आणि बलाढ्य कंपनीशी वर्षानुवर्षे भांडावे लागेल. मृत माणूस कामावर असलेला मजूर असेल तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील कामगार भरपाईच्या तरतुदींचा आधार घेता येतो, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने आपली चूक असो वा नसो भरपाई दिलीच पाहिजे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात मांडले. जमिनीवरच्या माणसासाठी याच तत्त्वावर न्यायाधिकरण हवे. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नवा कायदा आला, पण ही वाट अजून रुंद झालेली नाही. आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर विमानतळ करण्याचा प्रस्ताव आहे. मोबदल्याच्या भांडणात हा प्रश्न हरवू नये.

आपण काय करायचे?

आपल्या मुलामुलींनी वैमानिक व्हावे, अवश्य व्हावे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम आहे, हे अनेक पालकांना माहीत नसते. पण प्रवेश घेण्याआधी संस्थेला प्रश्न विचारा. विमाने किती आणि अभियंते किती? गेल्या काही वर्षांत अपघात किती झाले? हवा वाईट आहे म्हणून मुलाने उड्डाण नाकारले तर त्याला दंड होतो का? परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. ते तास भरण्याच्या घाईत मूल गमावू नका.

आणि आपल्या शिवारात विमान पडलेच तर? आधी माणसे वाचवा. ११२ आणि १०८ ला फोन करा. इंधनाचा वास येत असेल तर विडी-काडी दूर ठेवा. जखमीला बाहेर काढण्यापलीकडे अवशेषांना हात लावू नका, आठवण म्हणून तुकडा घरी नेऊ नका. लहान शिकाऊ विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. अशा वेळी इंजिनाचा आवाज कसा होता, विमान कोणत्या बाजूला कलले, आधी धूर निघाला की आधी विमान पडले, हे पाहिलेल्या शेतकऱ्याची, मजुराची, गुराख्याची साक्ष हाच मोठा पुरावा असतो. तुम्ही अडाणी आहात, तुम्हाला काय कळते, असे कोणी म्हटले तरी गप्प बसू नका. आपला जबाब नोंदवून घ्या आणि सहीपूर्वी वाचून पाहा.

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डीच्या शिवारात सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेला, शिकणारी मुलगी गंभीर जखमी होती. गाडी पोहोचेल असा रस्ता नव्हता. तेव्हा एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले, त्याची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला खांद्यावरून खाली आणले. कोट्यवधींच्या यंत्रणेला जे जमले नाही ते एका लुगड्याने केले. त्या बाईचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण लुगड्याची झोळी करावी लागली ही शासनाला लाज वाटण्याची गोष्ट आहे. जिथे शिकाऊ विमाने रोज डोक्यावरून उडतात त्या प्रत्येक तालुक्यात रुग्णवाहिका, अग्निशमन आणि रस्ता यांचा आराखडा तयार आहे का, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.